पेरोंचे तक्ते आणि आमच्या लग्नाची कॅसेट

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मंडळी आणि मॅच सोडून इथं आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

पत्रिकेत माझा विषय 'बाहेरचा उमेदवार देशाला मानवतो का?' असा छापलाय आणि खाली बारीक टायपात 'अमेरिकेच्या संदर्भात'. त्यामुळे बरीच मंडळी ट्रम्प ऐकायला आली आहेत, चेहऱ्यांवरून कळतंय. त्यांना आधीच सांगतो, ट्रम्प शेवटी दोन वाक्यांपुरते येतील. तोवर धीर धरा, मागे चहा ठेवलाय. मी बोलणार आहे रॉस पेरो या गृहस्थांबद्दल. नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा बघू. तीन. त्यातला एक हात आमच्या घरचा, तो धरायचा नाही.

अध्यक्षांनी मला पन्नास मिनिटं दिलीत आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला घंटा वाजेल असं बजावलंय. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्यामुळे घंटेबद्दल मला आदर आहे. बघू कसं जमतं.

तर १९९२ साल. अमेरिकेत थोरले बुश अध्यक्ष होते. आदल्या वर्षी आखाती युद्ध जिंकलेलं, पण घरात मंदी आणि नोकऱ्यांची बोंब. डेमोक्रॅटिक पक्षाकडून आर्कान्साचे गव्हर्नर बिल क्लिंटन येऊ घातलेले. अशात २० फेब्रुवारीच्या रात्री सीएनएनवर लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात डॅलसचे अब्जाधीश रॉस पेरो आले. किंग पुनःपुन्हा विचारत होते, उभे राहणार का? हे नाही नाही म्हणत होते. आणि कार्यक्रम संपता संपता म्हणाले, लोकांनी आपणहून पन्नासही राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर आणलं, तर राहीन. झालं. फोन खणखणायला लागले.

आपल्याकडे अपक्ष म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांपुढं येतं. १९९५ला आपल्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते, आठवतंय ना? त्यातले बरेचसे तिकीट न मिळाल्यानं रुसलेले. आपला अपक्ष पक्षाच्याच घरातला असतो, फक्त पुढच्या दाराला कुलूप म्हणून परसातून आलेला. पेरोंनी कुणाकडे तिकीट मागितलंच नव्हतं. टेक्सारकाना गावच्या कापसाच्या दलालाचा हा मुलगा. १९५३ला नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडला, मग आयबीएममध्ये विक्रेता झाला. एका वर्षी तर त्यानं सबंध वर्षाचं विक्रीचं उद्दिष्ट जानेवारीतच पुरं केलं. १९६२ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, हजार डॉलरवर स्वतःची कंपनी काढली, इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स, म्हणजे ईडीएस. तिथं पांढरा शर्ट आणि गडद सूट सक्तीचा, दाढीला मज्जाव. आणि कंपनीला पैसा मिळाला कशात? सरकारच्या मेडिकेअर-मेडिकेडची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या आरोग्य विम्याची, बिलं संगणकावर चढवण्यात. सरकारी कामावर मोठा झालेला माणूस पुढं सरकारी उधळपट्टीवर बोलायला उभा राहिला. आपल्या जिल्ह्यातही अशी उदाहरणं आहेत, नावं घेत नाही.

१९८४ला जनरल मोटर्सनं ईडीएस अडीच अब्ज डॉलरला घेतली आणि पेरो त्यांच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. तिथं लवकरच जुंपली. सापाचा किस्सा तेव्हाचा. ते म्हणायचे, आमच्या ईडीएसमध्ये ज्याला पहिल्यांदा साप दिसेल तो साप मारतो. जनरल मोटर्समध्ये साप दिसला की आधी सापांवर समिती नेमतात, मग सापांची माहिती असलेला सल्लागार आणतात आणि वर्षभर चर्चा करतात.

मी हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाजवत नाही, त्याचं कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खराखुरा साप निघाला. सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर मतदान घेतलं. सर्पमित्राला बोलवायचं, हो की नाही? एकानं विचारलं, मेंटेनन्समधून की वेगळे पैसे? एकानं नुसते हात जोडलेले चिन्ह टाकलं, ते हो धरायचं की नाही यावर वाद. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार काठी घेऊन खाली उतरले. पेरोसाहेबांचा माणूस! त्यांना वॉचमननं अडवलं. म्हणाला, साहेब, धामण आहे, उंदीर खाते, राहू द्या. फौजदार वॉचमनवरच भडकले. तेवढ्या गडबडीत धामण शेजारच्या सोसायटीत राहायला गेली आणि तेव्हापासून आमच्याकडे गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडताहेत. ही धामण लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

जनरल मोटर्सनं दोनच वर्षांत, १९८६ला, सुमारे ७० कोटी डॉलर मोजून पेरोंना घरी पाठवलं. भोवती 'नाही' म्हणणारी माणसं असली की या गृहस्थांचं फार दिवस जमत नाही, हे मी तेव्हाच टिपून ठेवायला हवं होतं. पण मी तेव्हा पुण्यात स्कूटरला नंबर लावून बसलो होतो.

१९९२ला मात्र मी डॅलसच्या उत्तरेला रिचर्डसनमध्ये होतो. टेलिफोनच्या कंपन्या इतक्या, की त्या पट्ट्याला टेलिकॉम कॉरिडॉर म्हणत. आम्ही डुप्लेक्समध्ये भाड्यानं राहायचो, म्हणजे एका भिंतीची दोन घरं. भिंतीपलीकडे एक निवृत्त पोस्टमन. एकटेच, कानाला यंत्र, आणि गवत कापायचं मशीन त्यांच्याकडे. ते मशीन आम्ही वापरायचं आणि त्यांना काही कार्यक्रम टेप करून हवा असला तर आमचा व्हीसीआर त्यांनी वापरायचा, असा अलिखित करार होता. या कराराचीच पुढं आम्हाला किंमत मोजावी लागली.

हे पोस्टमन आजोबा पेरोंच्या भजनी लागले. टेक्सासचा नियम असा की अपक्षाला ५४ हजारांच्या वर सह्या हव्यात, त्याही मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, ज्यांनी मत दिलेलं नाही अशांच्याच, आणि दोन महिन्यांच्या आत. दोन्ही पक्षांनी मिळून दाराला आतून कडी घातलेली. आजोबांनी किराणा दुकानाबाहेर पत्ते खेळायचं टेबल मांडलं, वर छत्री. मी नागरिक नाही, माझी सही चालणार नाही, असं तीनदा सांगितलं. ते म्हणाले, सही नको, बर्फ आण. एप्रिलच्या दोन शनिवारी मी टेक्सासच्या उन्हात लोकशाहीसाठी बर्फ वाहिला. तिथं कोण येत होतं ते मी बघत होतो. बंदूकवाले येत होते, गर्भपाताचा हक्क मागणाऱ्या बायका येत होत्या, शिक्षिका, प्लंबर. एकमेकांशी त्यांचं एकाही बाबतीत जमलं नसतं. प्रत्येकाला पेरो आपले वाटत होते, कारण पेरोंनी अजून फारसं काही सांगितलंच नव्हतं! मे महिन्यात टेक्सासातून दोन लाखांवर सह्या दाखल झाल्या. त्यात माझी एकही नाही, पण बर्फ माझा होता. जूनमध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत पेरो ३९ टक्के, बुश ३१, क्लिंटन २५. अपक्ष पहिला!

आता कॅसेट. आमची ही पहिल्या रांगेत बसली आहे, तेव्हा मी जपून बोलतो. काही चुकलं तर ती दुरुस्त करेलच.

आमचं लग्न फेब्रुवारी १९९०चं, कराडला. व्हिडिओवाला चांगला होता, फक्त मधेमधे दोन गुलाब फिरत येऊन आमच्या चेहऱ्यांवर बसायचे. भारतातली कॅसेट अमेरिकेतल्या व्हीसीआरवर चालत नसे, पाल आणि एनटीएससी या दोन देशांतल्या दोन टीव्ही पद्धतींचं ते भांडण जुन्या लोकांना आठवत असेल. म्हणून एका देशी किराणावाल्याकडे पैसे मोजून ती बदलून घेतली. मूळ कॅसेट कराडला माळ्यावर. तिला दोन पावसाळ्यांत बुरशी लागली, ती गेली. राहिली ही एकच.

६ ऑक्टोबर १९९२, मंगळवार. त्या संध्याकाळी सीबीएसवर पेरोंनी स्वतःच्या पैशानं अर्धा तास विकत घेतला होता. आजोबांची मंगळवारी बोलिंगची मॅच. म्हणाले, टेप करून ठेव. मला ऑफिसात उशीर होणार होता, म्हणून मी सकाळी कोरी कॅसेट घातली, टायमर लावला आणि मशीन बंद करून गेलो. टायमर लावणं ही त्या काळी विद्या होती, मंडळी! अर्ध्या अमेरिकेच्या व्हीसीआरवर बाराचा आकडा जन्मभर लुकलुकत राहिला.

नवरात्र-दसऱ्याचे दिवस. दुपारी हिनं चार बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बायका म्हणाल्या, लग्नाची कॅसेट दाखव. हिनं कोरी काढली, लग्नाची घातली. मंगलाष्टकं चालू होती, माझा मामा त्याच्या त्या आवाजात 'शुभमंगल सावधान' म्हणत होता, तेवढ्यात कॉफी उतू गेली. हिनं कॅसेट थांबवली, मशीन बंद केलं, कॉफी पुसली, बायका गेल्या. आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला मशीन आपोआप चालू झालं.

रात्री आजोबा हौसेनं बघायला आले. मी कॅसेट मागं नेली आणि लावली. मामा दिसला. अंतरपाट. अक्षता. 'शुभमंगल साव...' आणि खर्रर्र! पडदा हलला, आणि अंतरपाट दूर होऊन समोर कोण? रॉस पेरो! टेबलामागं बसलेले, बारीक केस, मोठाले कान, हातात धातूची छडी, आणि राष्ट्रीय कर्जाचा तक्ता. आजोबा म्हणाले, अरे वा, स्पष्ट आलंय.

तीस वर्षं झाली, चूक कुणाची याचा निकाल लागलेला नाही. हिचं म्हणणं, कॅसेटच्या मागची ती प्लॅस्टिकची खिट्टी मी तोडायला हवी होती, म्हणजे वर टेप झालंच नसतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. माझं म्हणणं... जाऊ दे. हार गेले, कन्यादान गेलं, सप्तपदी गेली. आजी व्यासपीठावर येऊन आम्हा दोघांच्या तोंडात साखर घालते, ते गेलं. आजी १९९१ला वारली आणि हलती-बोलती आजी तेवढ्याच तुकड्यात होती.

तर हा माझा अधिकार. पेरोंची ती तीस मिनिटं मी जितक्या वेळा पाहिली असतील तितकी महाराष्ट्रात कुणी पाहिली नसणार. दर लग्नाच्या वाढदिवसाला अंतरपाटानंतर अमेरिकेचं अंदाजपत्रक.

आणि तो कार्यक्रम, खोटं कशाला बोलू, सुंदर आहे. नाच नाही, गाणं नाही, बायको-मुलं-कुत्रा नाही. एक बुटका माणूस टेक्सासच्या सानुनासिक बोलीत शाळामास्तरासारखा तक्ते दाखवतोय, आणि दीड कोटीच्या वर लोक बघताहेत. छडीला तो 'व्हूडू'ची काडी म्हणतो. याला मागचा संदर्भ आहे. रेगनसाहेबांच्या करकपातीच्या योजनेला १९८०च्या प्रायमरीत खुद्द बुश 'व्हूडू इकॉनॉमिक्स' म्हणाले होते, म्हणजे आपल्या भाषेत करणी-भानामतीचं अर्थशास्त्र, आणि मग त्याच रेगनसाहेबांचे उपाध्यक्ष झाले. पेरोंचा हिशेब साधा होता. कर्ज चार लाख कोटी डॉलर. नुसती त्या वर्षाची तूट २९ हजार कोटी डॉलर. आज खा आणि नातवाला बिल पाठवा.

हे मला इतकं का भिडलं? कारण मी ज्या देशातून आलो होतो त्यानं आदल्याच वर्षी ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे धाडलं होतं. गहाण म्हणजे काय हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं. मी आजोबांना म्हटलंही, तुम्ही सोनं कुठल्या सोनाराकडे ठेवणार? ते म्हणाले, आम्हाला सोनार लागत नाही. थट्टेत म्हणाले, पण अर्थशास्त्र त्यांचं बरोबर होतं. आपल्याला डॉलर हवे होते आणि डॉलर छापता येत नव्हते. अमेरिका कर्ज काढते तेच मुळी आपल्या नोटांत. म्हणजे 'देश म्हणजे घर, जमेइतकाच खर्च करा' हा पेरोंचा दाखला आपल्याला जितका लागू होता तितका त्यांना होत नव्हता. हे मला कळायला दहा वर्षं लागली.

मधलं एक सांगायचं राहिलं. १६ जुलैला पेरोंनी अचानक माघार घेतली होती! त्याच दिवशी न्यूयॉर्कला क्लिंटन उमेदवारी स्वीकारत होते. आजोबा दोन दिवस अंगणात दिसले नाहीत. मग १ ऑक्टोबरला साहेब परत रिंगणात. आणि निवडणुकीला आठवडा उरलेला असताना सीबीएसच्या एका मुलाखतीत कारण सांगितलं, की रिपब्लिकन मंडळी माझ्या मुलीच्या लग्नात विघ्न आणणार होती, तिचा बनावट फोटो पसरवणार होती. पुरावा आहे का? पुरावा देता येत नाही म्हणाले. त्यांच्या मुलीचं लग्न निर्विघ्न पार पडलं होतं. विघ्न कुणाच्या लग्नात आलं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

उपाध्यक्षपदाला त्यांच्याबरोबर ॲडमिरल स्टॉकडेल होते. व्हिएतनाममध्ये सात वर्षांच्या वर कैद भोगलेला, सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला तत्त्वज्ञ माणूस. १३ ऑक्टोबरच्या वादसभेत त्यांनी सुरुवात केली, "मी कोण आहे? मी इथं का आलोय?" वेदान्तातला प्रश्न! आपल्याकडे लोकांनी हात जोडले असते. तिथं हसले. पुढं एका प्रश्नाला म्हणाले, माझं कानाचं यंत्र बंद होतं. त्यावर आमचे आजोबा मात्र हसले नाहीत, त्यांनी आधी स्वतःच्या यंत्राला हात लावून पाहिला...

घंटा? इतक्यात? बरं, पाच मिनिटं. विषय राहिलाच आहे. भरभर सांगतो.

आधी निकाल. ३ नोव्हेंबरला क्लिंटन ४३ टक्के, बुश ३७, पेरो १९. एक कोटी ९७ लाख मतं. मेन आणि युटा या राज्यांत दुसरा नंबर. आणि इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्याराज्यांच्या वाट्याची ती मतं, ज्यांवर अध्यक्ष ठरतो? शून्य. बहुतेक राज्यांत पहिल्याला सगळं, बाकीच्यांना नमस्कार.

आता पेरोंची मतं, म्हणजे त्यांचे विचार. पहिलं, तूट पाच वर्षांत संपवा, त्यासाठी पेट्रोलवरचा कर वर्षाला १० सेंट असा पाच वर्षांत ५० सेंटनी वाढवा. हे टेक्सासमध्ये बोलायचं, जिथं दुधाला जायलाही गाडी लागते! हे मत देशाला मानवलं. पेरो हरले, पण १९ टक्क्यांची भीती दोन्ही पक्षांत राहिली. क्लिंटननी १९९३ला कर वाढवले, सिनेटमध्ये ते विधेयक उपाध्यक्ष गोर यांच्या निर्णायक मतानं निसटतं पार पडलं. त्यात पेट्रोलवर वाढ किती? ४.३ सेंट! विरजण घालताना चमचाभरच घालायचं असतं. १९९८ ते २००१ अमेरिकेचं अंदाजपत्रक शिलकीत होतं. श्रेय एकट्या पेरोंचं नाही. शीतयुद्ध संपून संरक्षणखर्च उतरला, संगणकाची भरभराट झाली. पण तूट हा शब्द किराणा दुकानाबाहेरच्या टेबलावर आणला तो पेरोंनी.

दुसरं, नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा व्यापार करार. मेक्सिकोशी खुला व्यापार केलात तर नोकऱ्या दक्षिणेकडे ओढल्या जाण्याचा प्रचंड आवाज येईल, बशीतला चहा ओढताना येतो ना, तसा. हे अर्ध मानवलं. करार १९९४ला लागू झाला आणि नव्वदीच्या दशकात तिथं नोकऱ्या वाढल्याच. कारखान्यांतल्या नोकऱ्या कोसळल्या त्या २०००नंतर, आणि त्यात मेक्सिकोपेक्षा चीनचा आणि यंत्रांचा हात मोठा. पण ज्यांच्या गावातला कारखाना गेला त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, हे पेरोंचं दुखणं खरं होतं. आणि गंमत ऐका. १९९६ला याच पेरोंच्या दुसऱ्या कंपनीनं, पेरो सिस्टिम्सनं, एचसीएलबरोबर भारतात भागीदारी केली, नोएडात ऑफिस. तो ओढल्याचा आवाज आपल्याकडे आला, आणि इथं बसलेल्या कितीतरी जणांच्या मुलांची घरं अशाच आवाजावर उभी राहिली. आपण त्यावर तक्रार करू नये.

तिसरं, इलेक्ट्रॉनिक टाउन हॉल. टीव्हीवर प्रश्न मांडायचे आणि लोकांनी घरबसल्या कौल द्यायचा. धामण आठवा.

चौथं, लोकांनी मतदानानं मंजुरी दिल्याशिवाय नवा कर नाही, अशी घटनादुरुस्ती. हे पहिल्याच्या मुळावर येतं. पेट्रोलवर ५० सेंट कर लावायला लोक हात वर करतील? कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी १९७८ला प्रपोझिशन १३ हा प्रस्ताव मंजूर करून मालमत्ता कर बांधून टाकला, राज्याचे कर वाढवायला दोनतृतीयांशाची अट घातली, आणि तिथले शाळा-रस्तेवाले अजून हिशेब जुळवताहेत.

म्हणजे चारांत एक चांगलं, एक अर्धं, दोन नकोत. बाहेरच्या उमेदवाराच्या मानानं हा निकाल उत्तम आहे. मग तो निवडून आला असता तर? इथं माझं लाडकं मत. मतं तपासू नका, ती कुणीही लिहून देतं. 'नाही' ऐकल्यावर माणूस काय करतो ते बघा. पेरो जिंकते तर काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्यांच्या पक्षाचा एकही माणूस नव्हता, कारण पक्षच नव्हता. ५३५ माणसं रोज 'नाही' म्हणायला बसलेली. जनरल मोटर्सच्या संचालकांनी 'नाही' म्हटलं तर दोन वर्षांत बाहेर. प्रचारात टीका झाली तर जुलैत बाहेर, आणि मग लग्नाची गोष्ट. आणि कुणालाच बहुमताची २७० इलेक्टोरल मतं मिळाली नसती, तर निवड गेली असती प्रतिनिधिगृहात, प्रत्येक राज्याला एक मत, आणि तिथं अपक्षाचं कोण? म्हणून म्हणतो, त्या वर्षी पेरोंचे विचार आत आले आणि माणूस बाहेर राहिला, देशाला तेच मानवलं. ज्याला साप दिसेल तो मारेल ही कंपनीची रीत झाली. देशात वॉचमनला 'धामण आहे साहेब' म्हणता आलं पाहिजे, आणि फौजदारानं काठी खाली ठेवली पाहिजे.

आपल्याकडे १९९७ला शेषनसाहेब राष्ट्रपतिपदाला उभे राहिले होते, शिवसेनेच्या पाठिंब्यानं. सुमारे पाच टक्के मतं. निवडणूक आयोगात त्यांनी जे केलं ते आपण आजही खातो, राष्ट्रपती नारायणन झाले. त्यावर मला बोलायचं होतं, वेळ नाही.

ट्रम्पसाठी थांबलेल्यांना दिलेला शब्द पाळतो. पेरोंनी १९९५ला रिफॉर्म पार्टी काढली, आणि १९९९ला ट्रम्प त्याच पक्षाकडून अध्यक्षपदाची चाचपणी करत होते, २०००च्या फेब्रुवारीत माघारी गेले. पुढच्या वेळी त्यांनी बाहेरून कडी वाजवण्याऐवजी सरळ घरातलाच एक पक्ष धरला, हा फरक.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. एकच मिनिट, कॅसेटचं शेवटचं.

पेरोंची तीस मिनिटं संपतात. तुटीचा शेवटचा तक्ता, पुन्हा खर्रर्र, आणि लग्न परत चालू होतं ते थेट पंगतीला. तीनशे पानं मांडलेली. माझे सासरे हातात जिलब्यांचं ताट घेऊन रांगेतून फिरताहेत, नको नको म्हणणाऱ्याच्या पानात दोन-दोन टाकताहेत, घ्या हो, लाजू नका. ते सगळं जेवण पतपेढीच्या कर्जावर होतं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ते कर्ज १९९८ला फिटलं. अमेरिका शिलकीत आली त्याच वर्षी.